नैसर्गिक रंगांचा थरांचा साबण: रंग टिकावेत, थर सुटू नयेत म्हणून

थरांच्या साबणाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वरचा थर खालच्यात घुसला. कापताना लादी मधोमध सुटली. बीटचा सुरेख गुलाबी रंग दोन दिवसांत मातकट झाला. हळद घातली तर सगळं लालभडक. सगळ्यांना वाटतं की ओततानाच काहीतरी चुकलं. खरं तर बिघाड त्याच्या बराच आधी झालेला असतो, एकतर रंग निवडताना किंवा सगळ्या थरांचं मिश्रण एकदम फेटताना.

तीन थरांचा साबण म्हणजे तीन छोटे साबण, एकापाठोपाठ एक, एकाच साच्यात. प्रत्येक थराचं तेल वेगळं, सोड्याचं पाणी (म्हणजे कॉस्टिक सोडा विरघळवलेलं पाणी) वेगळं, भांडं वेगळं. हे मान्य असेल तर पुढे वाचा. एकदम फेटून तीन वाट्यांत वाटून घेणारे व्हिडिओ दिसायला छान असतात, पण तिसऱ्या वाटीतलं मिश्रण तुमची वाट बघत थांबत नाही.

हा लेख कोल्ड प्रोसेसचा आहे, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून साबण करण्याचा. तयार सोप बेस वितळवून ओतायची पद्धत निराळी आहे, तिचे नियम इथे लागू नाहीत. आणि आजवर साधा एकरंगी साबणही केला नसेल तर आधी तो एकदा करून बघा. मिश्रण किती वेळात घट्ट होतं हे हाताला कळल्याशिवाय थरांच्या नादी लागू नये.

टप्पा १: रंग आधी ठरवा

ताजा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो, आणि पूर्ण मुरल्यावरही त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास राहतो. ‘पीएच ७ चा घरगुती साबण’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्या हातात खरा साबण नाही. एवढ्या अल्कलीत स्वयंपाकघरातले बरेचसे देखणे रंग टिकत नाहीत.

बीट, जास्वंद, गोकर्ण, कोकम, जांभूळ हे सगळे यादीतून काढून टाका. गोकर्णाच्या फुलांचा निळा काढा सोड्याचं पाणी लागताच हिरवट होतो आणि मग तपकिरी. बीट आणि जास्वंदही शेवटी तपकिरी नाहीतर राखाडीवर जातात. जास्त घातलं म्हणून रंग टिकत नाही, तपकिरी तेवढा गडद होतो.

हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. साबणात तेच होतं. घाबरू नका, साबण होत जातो तसा तो लाल उतरतो आणि मोहरीसारखा पिवळा किंवा नारिंगीकडे झुकणारा रंग उरतो. एका थराला पाव चहाचा चमचा हळद पुरते. उजेडात मात्र हा रंग महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो, त्यामुळे भेट म्हणून द्यायच्या साबणात हळदीवर सगळी भिस्त ठेवू नये.

कडुलिंब, शेवगा आणि पालक यांच्या पावडरीचं आयुष्यही असंच. पहिल्या आठवड्यात हिरवा, नंतर शेवाळी, मग खाकी. टिकाऊ हिरवा हवा असेल तर कॉस्मेटिक ग्रेडची हिरवी क्ले, म्हणजे मातीची बारीक पावडर, घ्या.

भरवशाचे रंग हे (प्रमाण एका थराला, म्हणजे साधारण ३३३ ग्रॅम तेलाला):

- मंजिष्ठा पावडर, १ चहाचा चमचा: गुलाबी ते फिकट मरून.
- वनस्पतीपासून केलेली नील पावडर, पाव चमचा: राखाडी छटेचा निळा.
- ॲक्टिव्हेटेड कोळसा, पाव ते अर्धा चमचा: राखाडी ते काळा. याहून जास्त घातला तर फेस करडा येतो आणि टॉवेलला डाग पडतात.
- पांढरी केओलिन क्ले, १ चमचा: हस्तिदंती. दुधासारखा पांढरा होत नाही, कारण तेलांचा स्वतःचा पिवळेपणा असतोच.
- लाल किंवा गुलाबी क्ले, १ चमचा: विटकरी ते गुलाबी. सगळ्यांत कमी कटकटीचा रंग.
- रतनजोत, तेलात मुरवून: तेलात लाल दिसतो, सोड्याचं पाणी पडताच जांभळट निळा होतो.

रतनजोत मुरवायला १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलात १ मोठा चमचा मुळं घाला, बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात मंद आचेवर दोनेक तास ठेवा आणि मलमलच्या कापडातून गाळा. गाळल्यावर तेलाचं वजन पुन्हा करायचं, कारण मुळं काही तेल पिऊन टाकतात. हे तेल पाककृतीतल्या ऑलिव्ह तेलाच्या हिशोबातलंच धरायचं, वरून घालायचं नाही.

निळ्याबद्दल एक अडचण. पोमेस ऑलिव्ह तेल, म्हणजे ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल, हिरवट असतं. त्यात नील पडली की निळ्याऐवजी मोरपंखी छटा येते. ती आवडत असेल तर उत्तमच. नाहीतर फिक्या रंगाचं ‘लाइट’ ऑलिव्ह तेल घ्या.

सावधान, दुकानातली गफलत: कपड्यांना लावायची नीळ ही वनस्पतीची नील नव्हे, ती साबणात घालू नका. शेंदरीच्या बिया चालतात, त्यांचा पिवळा-केशरी येतो. पण शेंदूर अजिबात चालत नाही, त्यात शिसं असतं. रांगोळीचे रंग, पिंजर, खाण्याचे रंग यांतलं काहीही नको.

तपासणी: नवा रंग टिकेल की नाही हे साबण न करता बघता येतं. हातमोजे घालून अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, त्यात चिमूटभर रंग टाका आणि दहा मिनिटांनी पाहा. तिथे जी छटा दिसेल तिच्या आसपासचीच साबणात मिळेल, हळदीचा उतरणारा लाल तेवढा अपवाद. उजेडात तो किती टिकेल हे मात्र या चाचणीत कळत नाही.

टप्पा २: साहित्य आणि भांडी

साबणात सगळं वजनाने मोजायचं, पाणीसुद्धा. खोबरेलाच्या बाटलीवर मिलिलिटर लिहिलेले असतात. ३०० मिलिलिटर खोबरेल म्हणजे साधारण २७५ ग्रॅम. हा फरक सोड्याच्या हिशोबात लगेच दिसतो. काटा १ ग्रॅमपर्यंत अचूक हवा.

१००० ग्रॅम तेलाची पाककृती:

- खोबरेल ३०० ग्रॅम
- ऑलिव्ह तेल ४०० ग्रॅम
- राइस ब्रान तेल २०० ग्रॅम
- कोकम बटर ५० ग्रॅम
- एरंडेल ५० ग्रॅम
- कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर २८० ग्रॅम

या प्रमाणात साडेपाच टक्क्यांच्या आसपास तेल साबण न होता मोकळं राहतं. त्वचेला तेच सौम्य ठेवतं. खोबरेल आणि बटर मुद्दामच कमी ठेवली आहेत. ती वाढवली की मिश्रण भराभर घट्ट होतं आणि थरांना लागणारा निवांतपणा जातो.

तेलांची अदलाबदल करू नका. ‘घरात शेंगदाणा तेल होतं म्हणून खोबरेलाऐवजी घातलं’ हे फार ऐकू येतं. खोबरेलाला सोडा जास्त लागतो, शेंगदाणा तेलाला कमी. या पाककृतीत ३०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी शेंगदाणा तेल घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला, तर जवळजवळ ६ ग्रॅम सोडा साबणात तसाच उरतो. तो साबण अंगाला लावण्याच्या लायकीचा नसतो. तेल बदलायचंच असेल तर सोड्याचा हिशोब साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा.

सोडा केमिकलच्या दुकानातून फ्लेक्सच्या रूपात, शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास असल्याची खात्री करून घ्या. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांनी हा साबण होत नाही. तुंबलेली मोरी साफ करायच्या पुड्याही नकोत, त्यांत इतर रसायनं आणि कधी ॲल्युमिनियमचे तुकडे मिसळलेले असतात. पावसाळ्यात सोडा हवेतलं पाणी शोषून घेतो. गोळा झालेला किंवा चिकट सोडा वापरला तर वजनात पाणीच मोजलं जातं. घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

पाणी बोअरवेलचं नको, त्यातले क्षार साबणाला चोथा आणतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण बाटलीवरचं नाव नीट वाचा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची. ॲल्युमिनियम, हिंडालियम, पितळ, तांबं आणि कल्हईची भांडी चालत नाहीत. ॲल्युमिनियमवर सोडा पडला की ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडंही खराब होतं. काचेचा जग सोड्याच्या उष्णतेने अचानक तडकू शकतो. साबणाची भांडी स्वयंपाकात पुन्हा वापरायची नाहीत, वेगळी ठेवायची.

सुगंध ऐच्छिक आहे. पहिल्यांदा करताना वगळलात तरी चालेल. घालायचाच असेल तर लॅव्हेंडर तेल, एका थराला ८ ग्रॅम. लवंग आणि दालचिनीची तेलं थरांच्या साबणात नकोतच. त्यांनी मिश्रण डोळ्यांदेखत गोठतं.

टप्पा ३: साचा मोजून घ्या

२५ सेंटीमीटर लांब, ९ रुंद आणि ६.५ उंच असा आयताकृती साचा या प्रमाणाला बरोबर बसतो. प्रत्येक थर २ सेंटीमीटरपेक्षा किंचित जाड येतो. तुमचा साचा वेगळा असेल तर त्यात पाणी भरून ते मोजा. दीड लिटरच्या आसपास भरलं तर ठीक. मोजून झालं की साचा पूर्ण कोरडा करा.

लाकडी साच्याला बेकिंग पेपर लावताना सुरकुत्या राहू देऊ नका, प्रत्येक सुरकुती थराच्या कडेवर उमटते. दुधाचा किंवा ज्यूसचा टेट्रापॅक वापरणारे बरेच आहेत. त्याच्या आतल्या प्लॅस्टिकखाली ॲल्युमिनियमचा पदर असतो. आतून ओरखडा उठलेला असेल तर तो टाकून द्या.

साच्यावर बाहेरून २.१ आणि ४.२ सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. आणि साचा सपाट ओट्यावर आहे का हे पाहा, थर तिरके यायचं कारण बहुतेक वेळा हाताऐवजी ओटाच असतो.

टप्पा ४: सोड्याचं पाणी, आदल्या रात्री किंवा सकाळी

पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, पायात बंद चप्पल किंवा बूट, डोळ्यांवर बाजूंनीही बंद असलेला चष्मा. नंबरचा चष्मा पुरत नाही. मुलं आणि मांजर-कुत्रं दुसऱ्या खोलीत. खिडकी उघडी.

१. पॉलिप्रॉपिलीनच्या जगात २८० ग्रॅम थंड डिस्टिल्ड वॉटर घ्या. जगाचं रिकामं वजन आधीच लिहून ठेवा.

२. कोरड्या वाटीत १४० ग्रॅम सोडा मोजा.

३. सोडा थोडा थोडा पाण्यात सोडत स्टीलच्या चमच्याने ढवळा. पाण्याचं तापमान ८० अंशांच्या वर जातं आणि वाफ येते. जगावर वाकू नका.

४. द्रावण स्वच्छ झालं की झाकून, ‘कॉस्टिक सोडा’ असं मोठ्या अक्षरांत लिहून, उंच आणि सुरक्षित जागी गार करत ठेवा.

सावधान: सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यावर ओतायचं नाही. उलट केलं तर द्रावण उसळून अंगावर येतं.

अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि भिजलेला कपडा काढून टाका. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. डोळ्यात गेलं तर पाणी मारत राहा आणि थेट दवाखाना गाठा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, रुग्णालयात न्या.

टप्पा ५: तेलं आणि पाणी तीन वाट्यांत

दुपारी, सोड्याचं पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर हे काम करा.

कोकम बटर आणि खोबरेल एकत्र वितळवा, उरलेली तेलं त्यात घाला आणि सगळं ढवळून पूर्ण पारदर्शक करा. मगच तीन भांड्यांत ३३३ ग्रॅमप्रमाणे वाटा. अर्धवट वितळलेलं बटर ज्या भांड्यात जाईल त्या थराचा हिशोब बिघडतो आणि त्यात नंतर पांढरे ठिपकेही दिसतात. रतनजोतचं तेल एकाच थराला घालणार असाल तर त्या थराची पाचही तेलं स्वतंत्र मोजा, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा.

आता सोड्याच्या पाण्याचा जग काट्यावर ठेवा आणि रिकामं वजन वजा करा. वाफेने काही ग्रॅम पाणी उडालेलं असतं, त्यामुळे आकडा ४२० ऐवजी ४१४ दिसला तर आश्चर्य नको. जो आकडा येईल त्याला तीनने भागा, तेवढं द्रावण प्रत्येक थराला. डोळ्यांच्या अंदाजाने वाटलंत तर एक थर तेलकट आणि दुसरा झोंबणारा होतो.

रंगही आत्ताच कालवून ठेवा. क्ले दुप्पट पाण्यात, बाकीच्या पावडरी त्याच थराच्या तेलातून काढलेल्या दोन चमचे तेलात. कोरडी पावडर थेट मिश्रणात टाकली तर गुठळ्या राहतात, आणि कोरडी क्ले मिश्रणातलं पाणी ओढून थराला बारीक भेगा पाडते. मंजिष्ठा कितीही बारीक दळली तरी तिचे ठिपके दिसतात. एकसंध गुलाबी हवा असेल तर कालवलेली मंजिष्ठा चहाच्या गाळणीतून घाला.

तपासणी: ओट्यावर आत्ता तीन भांडी तेल, तीन वाट्या रंग, सोड्याचं पाणी, साचा, ब्लेंडर, स्पॅच्युला आणि फवारणीच्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे ना? गॅस बंद आहे ना? अल्कोहोल पेट घेतं. यातलं एक जरी नसेल तर सुरू करू नका.

टप्पा ६: पहिला थर

खालचा थर गडद ठेवावा असं माझं मत आहे. गडद मिश्रणाचा थेंब फिक्या थरावर पडला तर तो पुसता येत नाही, उलट झालं तर खपून जातं. इथे उदाहरणाला खाली मंजिष्ठा, मध्ये पांढरी क्ले, वर नील असे धरू.

१. तेल ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहे का पाहा. फार गार असेल तर बटर गोठायला लागून मिश्रण घट्ट झाल्याचा भास होतो. तेल आणि सोडा एकजीव होऊन मिश्रण घट्ट होतं त्याला ट्रेस म्हणतात, हा खोटा ट्रेस. तासाभराने असं मिश्रण पुन्हा पातळ होऊन तेल वेगळं दिसतं.

२. पहिल्या थराचं सोड्याचं पाणी तेलात ओता.

३. हँड ब्लेंडर तिरका करून आत घाला, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. चार-पाच सेकंद चालवा, मग बंद करून त्यानेच ढवळा. असं आलटून पालटून. ब्लेंडरचा दांडा ॲल्युमिनियमचा नसावा.

४. तेलाच्या रेषा दिसेनाशा झाल्या की रंग घाला, सुगंध घालायचा असेल तर तोही.

५. धिरड्याच्या पिठाइतकं घट्ट झालं, चमच्यातून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर टिकली, की थांबा. खालच्या थराला वरच्याचं वजन पेलायचं आहे, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा किंचित घट्ट हवा.

६. साच्यात पहिल्या खुणेपर्यंत ओता आणि साचा ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे काढा. कडांना लागलेलं मिश्रण ओल्या कागदाने लगेच पुसा.

पृष्ठभागावर अल्कोहोलचा एक हलका फवारा मारा. त्याने वर पांढरी सोड्याची पूड धरत नाही, आणि पुढचा थर नीट चिकटायलाही मदत होते.

टप्पा ७: थांबणं

दुसरा थर आत्ताच फेटायला घेऊ नका, सगळ्यांत जास्त लाद्या इथेच बिघडतात. पहिला थर तयार होण्याआधी दुसऱ्याचं मिश्रण तयार झालं तर दोनच वाटा उरतात: लवकर ओतून थर मिसळू द्यायचे, किंवा हातात गोठू द्यायचं.

साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, डिसेंबरात त्याहून जास्त. ऑलिव्ह तेल जितकं जास्त तितकं थांबणं वाढतं. घड्याळावर विश्वास ठेवू नका, थराला विचारा. वरची चकाकी गेली का? हातमोज्याच्या बोटाने कोपऱ्यात हलकं टेकलं तर ठसा उमटतो, पण बोटाला ओलं मिश्रण येत नाही, असं आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं की दुसरा थर फेटायला घ्या.

तपासणी: दुसऱ्या थराचे दोन-तीन थेंब चमच्याने कोपऱ्यात सोडा. वर बसून राहिले तर ओता. बुडाले तर पाच-दहा मिनिटं थांबा. मिश्रण तोवर हाताने हळू ढवळत राहा, ब्लेंडर लावू नका.

उलट चूकही होते. शेजारी गप्पा मारायला आले, दोन-तीन तास गेले, पहिला थर दगड झाला. त्यावर थेट ओतलंत तर कापताना तो थर सुटणार. काट्याने पृष्ठभागावर आडव्या-उभ्या रेघा मारा, अल्कोहोल फवारा आणि किंचित पातळ मिश्रण ओता. बऱ्याचदा जमतं. रात्रभर राहिलेल्या थरावर मात्र नवा साबण चढवायच्या फंदात पडू नका.

थरांच्या मध्ये कोको किंवा कोळशाची बारीक रेघ काढायची हौस बहुतेकांना असते. चहाच्या गाळणीतून इतकी पातळ पूड पाडा की खालचा थर तिच्याखालून दिसला पाहिजे, आणि वरून फवारा मारा. जाड रेघ म्हणजे दोन थरांमध्ये घातलेली कोरडी पूड, साबण तिथेच दुभंगतो.

टप्पा ८: दुसरा आणि तिसरा थर

पद्धत तीच, भांडं नवं. पहिल्या थराचं खरकटं राहिलेल्या भांड्यात दुसरा फेटलात तर पांढरा गुलाबी होईल, शिवाय मिश्रणही लवकर घट्ट होतं. ब्लेंडरचं पातं कागदाने नीट पुसून घ्या.

उंचावरून ओतू नका. स्पॅच्युला पृष्ठभागापासून बोटभर वर आडवी धरा, मिश्रण तिच्यावर पडू द्या आणि तिच्या कडेवरून पसरू द्या. स्पॅच्युला साच्याच्या लांबीभर सरकवत राहा. सेंटीमीटरभर थर साचला की पुढचं निर्धास्त ओतता येतं. दुसऱ्या थरानंतर साचा आपटू नका, सीमारेषा लाटेसारखी होते.

तिसऱ्या थरापूर्वी टप्पा ७ पुन्हा, तितक्याच सबुरीने. वरचा थर ओतल्यावर पृष्ठभाग चमच्याने सारखा करायचा असेल तर लगेच करा, दहा मिनिटांनी केलेला हात दिसतो.

टप्पा ९: पहिली रात्र

साबण होताना आतून तापतो आणि मधला भाग जेलीसारखा पारदर्शक होतो. हे पूर्ण व्हावं किंवा अजिबात होऊ नये. फक्त मधोमध झालं तर कापलेल्या वडीवर गडद वर्तुळ दिसतं आणि ते तिन्ही थरांतून आरपार जातं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात साचा गुंडाळू नका, पंख्याखाली उघड्या हवेत ठेवा. फार तापला तर लादी वरून फुगून तडकते. थंडीत झाकण ठेवून दोन जाड टॉवेलांत २४ तास गुंडाळा. गुंडाळलेल्या साबणात मंजिष्ठा जास्त गडद येते.

भांडी त्याच दिवशी घासू नका. कागदाने पुसून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा, आत राहिलेला लेप तोवर साबण होतो आणि पाण्याने निघतो. कच्चं मिश्रण मोरीत ओतू नका.

टप्पा १०: कापणं

२४ ते ४८ तासांनी हातमोजे घालून साच्यातून काढा. दाबल्यावर बोट रुतलं तर आणखी एक दिवस थांबा. फार उशीरही नको, कडक लादी कापताना कडा फुटतात.

लादी नेहमीसारखी उभी ठेवून वरून सुरी घातली तर वरच्या नीलचे ओघळ पांढऱ्या थरावर ओढले जातात. म्हणून ती कुशीवर आडवी ठेवा, थर उभे दिसले पाहिजेत. सुरी तिन्ही थरांतून एकदम खाली जाते आणि रंग आपापल्या जागी राहतात. प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं. अडीच सेंटीमीटर जाडीच्या दहा वड्या निघतात.

कापताना थर सुटला तर त्याच दिवशी दोन्ही बाजूंना किंचित पाणी लावून, दाबून, रात्रभर वजनाखाली ठेवा. काही वड्या वाचतात. उरलेल्या किसून कपडे धुवायला नका नेऊ, मुरू द्या आणि दोन वेगळ्या वड्या म्हणून वापरा.

टप्पा ११: मुरवणं

लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर कागद घालून वड्या सुट्या ठेवा. लोखंडी जाळी नको, गंजाच्या संपर्कात तेल खवट होऊन नारिंगी ठिपके येतात. ऊन नको, रंग उडतात. डांबराच्या गोळ्या असलेलं कपाट नको, साबण वास ओढून घेतो.

चार ते सहा आठवडे धरा. आठवड्यातून एकदा वड्या फिरवा आणि त्यांतल्या एका वडीचं वजन लिहा. वजन घटायचं थांबलं की साबण मुरला. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये सुरू केलात तर वडीवर घामाचे थेंब येतील, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल खेचतं. पुसत बसू नका, खोलीत पंखा सुरू ठेवा आणि दोन आठवडे जास्त द्या. शक्य असेल तर पावसाळा टाळून ऑक्टोबरात करा.

शेवटची तपासणी: प्रत्येक थराची वेगळी करायची, कारण तीन थर म्हणजे तीन हिशोब. ओलं बोट थरावर घासून जिभेच्या टोकाला क्षणभर लावा. साबणाची कडवट चव लागली तर ठीक. विजेचा चटका बसल्यासारखं झोंबलं तर त्या थरात मोकळा सोडा आहे. दोन आठवडे थांबून पुन्हा बघा. तेव्हाही झोंबला तर ती लादी अंगाला लावायची नाही, कोणाला द्यायची नाही.

आणि विकायचा विचार असेल तर आधी परवाना. अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, विक्रीसाठी बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडून परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं.